घशातली सुपारी

मित्रांनो, मला जुना म्हणावं इतकं माझं वय झालेलं नाही. पण ज्याच्याकडे पाहून घरातली माणसं "हा अजून आहे होय?" असं विचारतात, त्यानं आपण जुने झालो असं समजून घ्यावं, उगाच जन्माचा दाखला दाखवत बसू नये.

मी सिंकखाली राहतो. जव्हारच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या कांतीलालशेठच्या स्वयंपाकघरात. वरून खरकटं टाकायचं, नळ सोडायचा, भिंतीवरचं बटण दाबायचं. मी ते भरडून पाण्याबरोबर गटारात धाडतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, वाचा नाही. फक्त एक तोंड आहे. ते कायम उघडं असतं आणि त्यात काय पडावं हे दुसरे ठरवतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक जाड तबकडी बसवली आणि तिच्यावर दोन लोखंडी ठोसे. लोकांना वाटतं, आत सुऱ्या असतील. नाहीत. तबकडी फिरते, ठोसे खरकट्याला दातेरी भिंतीवर आपटतात आणि त्याचा भुगा होतो. धारदार गोष्टींपेक्षा बोथट गोष्टीच जास्त भरडतात, हे तुम्हाला मोठेपणी कळेलच. बुडाशी मला एक लाल बटण दिलं. फार ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि मी बंद पडतो. ही सोय माणसांना का दिली नाही, कोण जाणे.

शेठची लेक दीप्ती ठाण्याला असते. तिच्या घरी माझ्यासारखाच एक आहे. आईचा त्रास वाचावा म्हणून तिनं मला इथे आणलं. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. आल्या-गेल्याला शेठ चहाच्या आधी सिंकपाशी न्यायचे. "टाका, टाका काहीतरी. लाजू नका, खातो तो!" पाहुणे हातातली केळ्याची साल टाकायचे. मी घुर्र करायचो. पाहुणे माना डोलवायचे. देवळातल्या हत्तीलाही एवढी केळी मिळत नसतील.

एकट्या कमळाला माझं कौतुक नव्हतं. कमळा मूळची दाभोसा गावची, आता गावाबाहेरच्या पाड्यावर राहते आणि इथे धुण्याभांड्याला येते. मी येण्याआधी या घरचं खरकटं तिच्या कोंबड्यांना जायचं. तिनं माझं नाव ठेवलं गिळ्या.

"शेठ, ह्यो गिळ्या माझे कोंबड्यांच्या मुळावर उठलाय," ती म्हणायची. "आधी अंडा द्यायच्या, आता नुसत्या बघतात माझेकडं."

"अगं, सुधारणा आहे ही!"

"असंल. पण तो अंडा देतो का?"

शेठनी माझ्या तोंडात आणखी एक साल टाकली. मी घुर्र केलं.

तर दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे औजारांची पूजा होते. शेठनी दुकानातली कात्री, गज, शिलाई मशीन पुजलं आणि मग त्यांना माझी आठवण झाली. सिंकच्या काठावर झेंडूची माळ आली, हळदकुंकू आलं, आपट्याचं पान आलं. विड्याच्या पानावर तांदूळ, तांदळावर सुपारी. ती सुपारी म्हणजे गणपती. हात जोडून शेठ म्हणाले, "सगळी विघ्नं दूर ठेव रे बाबा." माझा ऊर भरून आला. दीप्ती सणाला आली होती, तिनं फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शेठच्या पत्नी, आशालताबाई, शेजारी सोनं द्यायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "अहो, निर्माल्य तेवढं ओढ्यावर सोडून या. वाहत्या पाण्यात हं. नाहीतर आणाल तसंच परत पिशवीतून."

ओढा गावाबाहेर. ऊन मी म्हणत होतं. शेठचं पोट पुरणपोळीनं भरलेलं. ते सिंकपाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःशीच बोलले, "वाहतं पाणी म्हणजे तरी काय? नळ सोडला की वाहतंच."

मित्रांनो, चांगल्या घरातले अपघात असेच सुरू होतात. कुणीतरी एक शहाणं वाक्य बोलतं.

झेंडू आला, भरडला. आपटा आला, भरडला. तांदूळ गेले. मग सुपारी आली. खड्! ती ठोसा आणि भिंत यांच्या मधोमध बसली. तबकडी जागच्या जागी थांबली. वीज ढकलतेय, सुपारी हलत नाही, आणि मधे मी. मी नुसता घुमत राहिलो. शेठनी बटण बंद केलं, चालू केलं. परत बंद, परत चालू. सिंकला दोन थापटा मारल्या, जशा रेडिओला मारायचे. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.

इथे लाईट कधी जाते हे विचारायचं नसतं. कधी असते, ते विचारायचं. आणि इथली एक रीत आहे. लाईट गेली तरी बटणं कुणी बंद करत नाही. चालू राहू दिली की पंखा फिरू लागतो आणि लाईट आल्याचं कळतं. माझंही बटण तसंच चालू राहिलं.

शेठचा चेहरा उजळला. "बरंच झालं! आता करंटची भीती नाही. ही यायच्या आत काढून टाकतो." आणि त्यांनी उजव्या हाताची बाही दुमडली.

तो हात मला ठाऊक होता, मीच काय, सारा बाजार त्याला ओळखतो. कापडाला अंगठ्यानं नख लावायचं आणि सर्रकन फाडायचं. रेघ सरळ, कात्री लागत नाही. बायाबापड्या कापडापेक्षा ते फाडणं बघायला थांबतात. तो हात माझ्या तोंडात येत होता आणि मी तोंड मिटू शकत नव्हतो.

"कमळे, बॅटरी धर गं जरा."

मागच्या दारी भांडी घासत होती ती, हात पुसत आली. उजेड माझ्या घशात पडला. "काय दिसतं?"

"सुपारी दिसते."

"सुपारी खाल्ली यानी?" कमळा खदखदून हसली. "मंग पान पण दे त्याला. चुना लावून."

"गप. हिला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू. गिळ्याच सांगल."

बोटं आत आली. पहिलं, दुसरं, मग अंगठा. सुपारीच्या कडेला नख लागलं. आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोललो. एरवी घशात काही अडकलं की ते निघावं एवढीच माझी इच्छा असते. पण भिंतीवरचं बटण चालू होतं आणि हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी म्हणालो, बाप्पा, हलू नको. जिथे आहेस तिथे घट्ट बस. तुला काढायला आलाय तो तुझाच भक्त आहे, तरीही त्याचं ऐकू नको.

"हलली गं, हलली!" शेठ म्हणाले.

खरंच हलली होती. किंचित.

"जोर लाव शेठ," कमळा म्हणाली.

ओरडायला वाचा नाही, तोंड आहे त्यात शेठचा हात. बाकी माझ्याजवळ काहीच नव्हतं.

तेवढ्यात आळीतून पोरांचा गलका उठला, "आलीऽऽऽ!" वरचा पंखा कुरकुरला, आणि वीज माझ्या अंगात शिरली. मला आवडो न आवडो, वीज आली की मला फिरावं लागतं. मी सगळ्या ताकदीनं तबकडी ढकलली. मला थांबता येत नाही मित्रांनो. ज्याला स्वतःहून थांबता येत नाही, त्याला ताकद देऊ नये. पण मला दिली आहे.

सुपारी थांबली. माझ्याच्यानं जे झालं नाही, ते तिनं केलं. ठोसा तिच्यावर रेटत राहिला आणि ती तसूभर सरकली नाही. शेठनी हात ओढला. बोटांची सालटी निघाली, अंगठा लाल झाला, पण सगळं जागच्या जागी होतं. मग माझं लाल बटण टक् करून बाहेर आलं आणि मी गप्प झालो. कमळाच्या हातातली बॅटरी भांड्यांच्या बादलीत पडली होती. ती आतून उजेड पाडत राहिली.

शेठनी बोटांवर फुंकर मारली. मग म्हणाले, "बघ. बंद पडला. आता तर काही भीतीच नाही." आणि पुन्हा बाही वर करू लागले!

"पप्पा!" गलक्यानं जागी झालेली दीप्ती दारातून ओरडली. "हात मागे घ्या!" ती कुणाशी बोलत बसली नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग सिंकखाली वाकून माझ्या वायरची पिनच सॉकेटमधून खेचून काढली आणि वडिलांच्या हातात दिली. "ही धरा. ही तुमच्या हातात असेपर्यंत तो फिरणार नाही."

शेठ ती पिन प्रसादासारखी धरून उभे राहिले.

दीप्तीनं माझ्या पोटात उजेड टाकून पाहिलं. माझ्याबरोबर आलेली वाकडी किल्ली डाळीच्या डब्यामागे सापडली. माझ्या बुडाच्या मधोमध एक भोक आहे, त्यात ती घालून तिनं मला इकडेतिकडे हलकेच फिरवलं. सुपारीची पकड सुटली. मग तिनं हात नाही घातला, भाकरीचा लांब चिमटा घातला, आणि सुपारी बाहेर काढली. कुंकू अजून तिच्या अंगावर होतं.

नेमक्या तेव्हा आशालताबाई आल्या.

"ही कालची सुपारी ना?"

शेठ पिनेकडे पाहत राहिले.

"ओढ्यावर सोडायला सांगितली होती मी."

"वाहत्या पाण्यात म्हणालीस," शेठ हळूच म्हणाले.

"मी नाय काय बोलली," कमळा म्हणाली.

आशालताबाई आणखी बोलणार होत्या. पण त्यांची नजर त्या सोललेल्या बोटांवर गेली आणि त्यांनी सुपारी नुसती पदरात घेतली. मग त्या हळद आणायला वळल्या.

मी थंड झाल्यावर दीप्तीनं लाल बटण आत दाबलं, पिन लावली, गार पाणी सोडलं. मी फिरलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुपारी मात्र त्याच संध्याकाळी नव्या वस्त्रात ओढ्यावर गेली. शेठ स्वतः गेले, चालत.

आता खरकटं पुन्हा कमळाकडे जातं. कोंबड्या पुन्हा अंडी देतात, असं ती मला रोज सुनावते. माझी पिन भिंतीवरच्या खिळ्याला लटकते. माझी काही तक्रार नाही. फिरायचं नसेल, तर निदान कुणाच्या बोटांची काळजी करावी लागत नाही.

फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. माझ्या जातीचं कुणी तुमच्या घरी अडकलं, तर लाईट गेलीय, यंत्र गप्प आहे, एवढ्यावर विसंबू नका. आधी बटण बंद करा, पिन काढून हातात घ्या, मग चिमटा घाला. बोटं घालू नका. दर वेळी आमच्या घशात गणपती असेलच, असं नाही.