मामांना सिंह दाखवायला

हुनाडीनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"का गं?" शेजारी बसलेल्या लेसिबामामांनी विचारलं.

"पाणवठा आहे. इथं थांबायचं."

"अगं, तो निळ्या गाडीवाला आत्ता काय सांगून गेला? पुलापाशी अख्खा कळप पसरलाय म्हणाला. सिंहांचा. हे इथं पुढं."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काही नाही. थांबू या."

मामांना ही थट्टा वाटली. ते हसले आणि मागे वळून बहिणीकडे पाहू लागले. मागच्या सीटवर माकोमा, हुनाडीची आई, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसली होती. तिनं खांदे उडवले. पाणवठ्यावर एक बगळा सोडून कोणी नव्हतं, आणि बगळ्यालाही तिथं फारसं काही मिळत नसावं.

मामांचं देवक सिंह. गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. 'सिंहा, बस', 'सिंहा, चहा घे', 'सिंहा, तुझी बकरी आमच्या मक्यात शिरली' असंच चाले. सत्तरी उलटेपर्यंत हे ऐकून घेतलेल्या माणसानं जिवंत सिंह मात्र पाहिलेला नव्हता. क्रूगरच्या अभयारण्याचं फाटक गावापासून सकाळी निघून दुपारी पोचता येईल इतकं जवळ. पण आधी परवडत नव्हतं, मग सवड नव्हती, मग गुडघे नव्हते. आता एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर बोलायचं टाळत होते. तेव्हा, आहे तोवर मामांना सिंह दाखवून आणते, असं हुनाडीनं परस्पर जाहीर केलं. भाची असावी तर अशी, म्हणून सगळ्या भावकीनं तिचं कौतुक केलं. ते तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

या जंगलात गाडीतून खाली उतरायला मनाई आहे. हा नियम हुनाडीला फार आवडला होता. कारण तिनं एक जुना विषय काढला की मामांना कुठलीतरी मयत आठवायची आणि ते उठून जायचे. गाडीतून उठून कुठं जाणार?

"मामा," ती समोर बघत म्हणाली, "मातोमेची माणसं मला मागणी घालायला आली होती, तो दिवस आठवतो?"

मामांचा हात दाराच्या कडीकडे गेला. बाहेर वाळलेलं उंच गवत होतं. हात परत आला.

"किती जुनं काढतेस, पोरी."

"वडील नव्हते मला. बोलणी तुमच्या हातात होती. तुम्ही त्यांना फाटकाबाहेर उभं केलंत."

"रीतच आहे ती. मुलीकडच्यांनी लगेच फाटक उघडलं तर मुलगी जड झालीय असं वाटतं."

"जरा वेळ थांबवायची रीत आहे. ती माणसं दिवेलागणीपर्यंत उन्हात होती. त्यांच्यातला म्हातारा चक्कर येऊन पडला. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही फाटक उघडलंच नाहीत."

ती माणसं गेली ती गेलीच. मातोमेनं पुढं दुसरीकडे लग्न केलं, टायरचं दुकान टाकलं, पोट सुटलं. इकडे गोष्ट खोरंभर झाली की लेसिबा पोर स्वस्तात देत नाही. त्यानंतर ज्याच्या घरी लग्न निघे तो आधी मामांना न्यायला येई. मानाची खुर्ची मामांची, मांसातला पहिला वाटा मामांचा. आणि हुनाडीच्या फाटकापाशी पुन्हा कोणी आलं नाही. एवढ्या कडक मामाशी बोलणी कोण करणार?

"दादानं केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं," असं माकोमा लेकीला सांगत आली होती. आधी समजावत, मग चिडून, मग सवयीनं.

एक गाडी शेजारी येऊन थांबली. काचेला मुलांची नाकं चिकटलेली होती.

"बाबा, पुलापाशी गेलात का नाही?" गाडीवाला ओरडला. "सगळे तिकडंच चाललेत. त्यातला एक तर शेपूटही हलवतोय."

"चाललोच आहोत," मामा घाईनं म्हणाले.

गाडी गेली. धूळ बसली.

"लाव किल्ली, पोरी. उठून जातील ते."

"आधी सांगा. काय कमी होतं मातोमेत? घर गरीब होतं म्हणून? त्यांच्याशी जुनं वैर होतं म्हणून?"

"हुनाडी, माझा डोळा..."

"डोळ्यानं सांगायचं नाहीये."

मामांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"झोप लागली होती," ते म्हणाले.

मागे संत्रं सोलायचा आवाज थांबला.

"सकाळीच कोणीतरी ताज्या बिअरचं मडकं आणून ठेवलं होतं. म्हटलं, ताटकळू देत जरा, आपण मागच्या खोलीत दार लावून पडू. उठलो तर अंधार पडत आलेला. फाटकाशी कोणी नाही. एवढ्यात शेजारचे आले आणि पाठ थोपटायला लागले. 'शाब्बास रे सिंहा. पाणी पाजलंस त्यांना.' आता त्या माणसांना मी काय सांगू?"

"दुसऱ्या दिवशी माणूस पाठवता आला असता."

"दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे दोघं आले," मामा म्हणाले, "त्यांच्याकडच्या बोलणीला चला म्हणून."

गर्विष्ठ माणसाला काय सुनवायचं ते हुनाडीकडे तयार होतं. पैशाच्या लोभ्यालाही, वैऱ्यालाही. आंघोळ करताना, वह्या तपासताना, दुसऱ्यांच्या लग्नात चहाचे कप विसळताना तिनं एकेक वाक्य घासून धारदार केलं होतं. झोपलेल्या माणसासाठी तिच्याकडे एकही वाक्य नव्हतं.

"आता सांगितलं ना?" मामांचा चेहरा हलका झाला होता. "चल मग."

"निघते. जरा थांबा."

मामांनी डब्यातला पिठाचा तळलेला गोळा मागून घेऊन खाल्ला, बोटं पुसली आणि मान मागे टेकली. थोड्याच वेळात ते घोरू लागले.

हुनाडीनं खिशाचं बटण काढलं. बोलल्याप्रमाणे मामांना पुलापर्यंत न्यायला हवं होतं. किल्ली लावून ती फिरवणार, तोच आईचा हात तिच्या खांद्यावर आला.

पलीकडच्या काठावर गवत हललं. आधी दोन सिंहिणी आल्या, मग त्यांच्यामागून तो. आयाळ काळपट, एक कान फाटलेला, चाल अगदी घरच्यासारखी. तिघं ओळीनं खाली वाकले आणि पाणी पिऊ लागले. लपलप आवाज गाडीत स्पष्ट येत होता. बाकीच्या सगळ्या गाड्या पुलापाशी होत्या.

सिंहानं मान वर केली आणि गाडीकडे पाहिलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

हुनाडीनं आरशात आईकडे पाहिलं. आता आई मामांना हलवणार, हे तिला ठाऊक होतं. माकोमानं हात पुढे केलाही. तो भावाच्या खांद्यापर्यंत आला, तिथं जरा थांबला आणि मागे जाऊन तिच्या स्वतःच्या ओठांवर टेकला.

सिंह पुन्हा वाकला, पोटभर प्याला. मग तिघं आले तसे गवतात शिरले. गवत हललं, थांबलं.

मामा जागे झाले ते स्वतःच्याच घोरण्यानं. चांगला डोळा चोळत त्यांनी पाणवठ्याकडे पाहिलं.

"काही आलं होतं का?"

हुनाडीचे ओठ उघडले.

"झेब्रे आले होते," माकोमा म्हणाली.

"नुसतेच झेब्रे?"

"पाणी प्यायले आणि गेले." तिनं हातातलं संत्रं पूर्ण सोललं, शिरा काढल्या आणि पहिली फोड भावापुढे धरली. "घे दादा. गोड आहे."