नाल्याअलीकडची दवंडी

सकाळी चहाच्या वेळीच ग्रामपंचायतीचा शिपाई भागवत रिक्षाला भोंगा बांधून निघाला. चिखली रस्त्यावरच्या गॅसपंपाची जमिनीखालची टाकी आज रिकामी करून तपासायची होती. त्याआधी आसपासच्या प्रत्येक घरी चूल न पेटवण्याची सूचना पोचलीच पाहिजे, असा सरकारी नियम. नियमात काही खोट नव्हती. तो पाळणारी माणसं मात्र आपल्यातलीच होती.

"दुपारपर्यंत चूल पेटवू नका हो! बिडी-काडी बंद ठेवा!" भागवत गल्लोगल्ली ओरडला आणि नाल्याच्या पुलावरून नेहमीसारखा माघारी फिरला. पलीकडे, उतारावर, पंपाला सगळ्यांत जवळ बौद्ध वस्ती. तिथं दवंडी कधी गेलीच नव्हती. कोणी मनाई केली होती असंही नाही. ते लोक इकडं येऊन ऐकतील, हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं.

पंपावर सुरक्षा अधिकारी सुवर्णा मॅडमनी सरपंच किसनरावांना विचारलं, "सगळ्यांना कळवलं ना?"

"हाव मॅडम. अख्ख्या गावाले सांगतलं."

किसनराव आपल्या समजुतीनं खोटं बोलले नव्हते, आणि संताप येतो तो याचाच. मॅडमनीही स्वतः जाऊन पाहायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. काम सुरू झालं, आणि टाकी रिकामी करताना थोडा गॅस गळला.

हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की उताराला लागतो. वस्तीत अंगणवाडी मदतनीस धम्मशीला कामाला निघाली होती. तिची सासू अन्नपूर्णा भाकरीचं पीठ मळत बसली होती.

"कायचा तरी वास येऊन राह्यला गं," अन्नपूर्णा म्हणाली.

"पंपाचा असंन, आत्या. रोजच येते."

धम्मशीला पुलापर्यंत पोचली नसेल, तोच मागं भडका उडाला. अन्नपूर्णाबाईनं काडी ओढली होती. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच ती गेली. घरच्यांसाठी भाकरी थापायला बसलेली बाई, तिचा काय गुन्हा होता?

अंत्यविधीनंतर ग्रामपंचायतीत चौकशी बसली; सुवर्णा मॅडम जबाब लिहून घेत होत्या. किसनराव हळू आवाजात म्हणाले, "पोरी, म्हातारीच्याच हातून चूक झाली, असं सांगून दे. गावाचं नाव कायले खराब करतं?"

धम्मशीलानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती भागवतला म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमच्या वस्तीत काऊन नाही आले?"

भागवत गोंधळला. "तिकडं दवंडी जातच नाही न, वहिनी. कधीच नाही जात."

इतक्या साधेपणानं त्यानं सांगितलं की लिहिता लिहिता मॅडमचा हात थांबला.

"मॅडम, हेच लिहा," धम्मशीला म्हणाली. तिची मान खाली नव्हती. "याच शब्दांत लिहा. त्याशिवाय मी सही करत नाही."

"याच्यात जातपात कुठं आली?" किसनराव उसळले.

"गॅस नाल्याशी नाही थांबला, काका. तुमचा भोंगा थांबला."

सुवर्णा मॅडमनी भागवतचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्याखाली, स्वतः वस्तीत न गेल्याची आपली चूकही लिहिली. धम्मशीलानं सही केली आणि घरी न जाता ती वस्तीतल्या बायांना गोळा करायला गेली. यापुढं प्रत्येक दवंडी पुलापलीकडं जाईल असं लिहून घेतल्याशिवाय त्या ग्रामपंचायतीतून उठणार नव्हत्या.

तुमच्या गावातला भोंगा कुठून माघारी फिरतो, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही आजवर कधी हटकलंत का त्याला?