दुसऱ्या ओळीतला श्री

कसबा पेठेतल्या तात्यारावांनी छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले आणि या काळात कुणाचं एकदाही ऐकून घेतलं नाही. घेतील कसं, चूक सापडायचीच नाही. हा माणूस त्या दिवशी कोथरूडच्या एका ऑफिसात मान खाली घालून बसला होता, यावरून काय ते समजा.

प्रकरण असं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीची, प्रेमलाबाईंची दृष्टी गेली. तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी त्यांना पुस्तक वाचून दाखवत. मग तात्यांच्याच घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोठ्यानं वाचायला बंदी घातली. घर सुनं झालं. अशात कळलं, की कोथरूडची एक संस्था अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं ॲप काढतेय. आवाज देणारे पुष्कळ होते, पण कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं हे ॲपला सांगणाऱ्या एक्सएमएल फाईली करायला कुणी तयार नव्हतं. कंटाळवाणं काम ना ते. तात्या म्हणाले, ‘मी करतो.’ पंधरा दिवसांत शिकले आणि दोन महिन्यांत चाळीस पुस्तकांच्या फाईली करून दिल्या. वय वर्षं बाहत्तर, बरं का.

आणि ॲप त्यातली एकही उघडेना.

ॲपचं काम सौरभकडे होतं. मुलगा वाईट नाही, पण घाई फार. “काका, एरर दुसऱ्या ओळीत दाखवतंय आणि ती ओळ तर अक्षरन् अक्षर बरोबर आहे. सकाळपासून तीच बघतोय. उद्या ॲप सुरू करायचंय. तुमची चाळीस पुस्तकं तूर्त काढून टाकतो, सहा महिन्यांनी बघू.”

तात्यांची मान खाली गेली. सकाळी निघताना ते प्रेमलाबाईंना सांगून आले होते, उद्यापासून तुझं वाचन सुरू.

शेजारच्या टेबलावर प्रियदर्शनी होती, नोकरीसाठी नागपूरहून आलेली. ती म्हणाली, “काढू नकोस. मला बघू दे.” पाच मिनिटं झाली नसतील.

“काका, हे सगळ्यात वर काय आहे?”

“श्री आहे.”

“प्रत्येक फाईलला?”

“मग? कागदाला सुरुवात काय तशीच करायची?”

सौरभनं डोक्याला हात लावला. शाळेतल्या पहिल्या पेपरापासून तोही वर श्री काढत आलेला. दिवसभर ती श्रीची ओळ त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याला दिसलीच नव्हती. प्रियदर्शनीच्या बौद्ध घरात ती पद्धत नाही, म्हणून तिच्या नजरेला ती ओळ लगेच खटकली. एक्सएमएलचा नियम भलता कडक आहे. ही एक्सएमएल फाईल आहे असं सांगणारी ओळ सगळ्यांत पहिली हवी, तिच्या आधी काही म्हणजे काही चालत नाही.

“चूक माझी,” तात्या खरखरत्या आवाजात म्हणाले. “उडवा ते सगळे श्री.”

“उडवायचं कशाला?” प्रियदर्शनीनं श्रीच्या मागे-पुढे दोन खुणा टाइप केल्या. “या खुणांच्या आतलं ॲप वाचत नाही, नुसतं पुढे जातं. तुमचा श्री एक ओळ खाली घेऊ. राहील तिथे निवांत.”

तिनं छोटासा प्रोग्राम लिहून चाळीसही फाईली दुरुस्त केल्या. पहिलं पुस्तक उघडलं आणि बोलायला लागलं.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. आभार मानायचे मात्र राहूनच गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “मुली, तुमच्या घरी वहीच्या वर काय लिहितात?”

“आई ‘नमो बुद्धाय’ लिहायची,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेमलाबाई पलंगावर फोन कानाशी धरून पहिलं प्रकरण ऐकत होत्या. तात्यांनी टेबलाशी एक्केचाळिसावी फाईल काढली होती. पहिली ओळ नियमाप्रमाणे. दुसऱ्या ओळीत श्री, आणि त्याच्या शेजारी, त्याच खुणांच्या आत, नमो बुद्धाय.

“अहो, काय खटखट चाललीय?”

“आभार मानतोय.”

“मग जरा हळू माना. ऐकू द्या मला.”

तात्यांनी हात आवरले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तेही ऐकत बसले.