उणे एक लिटर

वहिनी रंगाच्या कारखान्यात डबे भरायच्या. तिथल्याच प्रयोगशाळेत सहायकाच्या जागा निघाल्या. अट एकच, रसायनशास्त्राची लेखी परीक्षा. शाळा सोडून जमाना झालेला.

"माझ्या बहिणीला विचार की," नवरा म्हणाला. "गावभरच्या पोरांना शिकवते, तुला नाही शिकवणार?"

नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि तिची जीभ म्हणजे नुकती परजलेली सुरी. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं "काय, बरं ना?" याच्यापुढे कधी सरकलं नव्हतं. पण अडला हरी म्हणत त्यांनी फोन केला, आणि रविवारी सकाळी नणंद पुस्तक घेऊन दारात हजर.

पहिलंच गणित वायूचं. वीस अंशांना दोन लिटर वायू; दाब तोच ठेवून उणे दहा अंशांपर्यंत थंड केला, तर किती उरेल? वहिनींनी झरझर आकडे मांडले आणि वही पुढे सरकवली.

"उणे एक लिटर?" नणंदेने चष्मा वर केला. "वहिनी, एक लिटर वायू आपणच कुणाचा तरी देणं लागतो की काय?"

वहिनींचा चेहरा पडला. मग त्यांनाच खुदकन हसू फुटलं आणि नणंदही पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अहो, केल्विनमध्ये घ्यायचं. दोनशे त्र्याहत्तर मिळवा आधी."

मिळवले. उत्तर आलं एक पूर्णांक आठ लिटर. जरासा आकसलेला, शहाण्यासारखा वायू.

दुपारी द्रावणांवर गाडी अडली. "लिटरभर पाण्यात एक मोल साखर घातली की झालं ना एक मोलर?" वहिनी म्हणाल्या.

"घालून बघा."

वहिनींनी मापाच्या भांड्यात लिटरच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं आणि एक मोल म्हणजे तीनशे बेचाळीस ग्रॅम साखर तोलून त्यात ढवळली. पाणी रेघ ओलांडून चांगलंच वर चढलं; एक मोल साखर लिटरभर द्रावणात हवी होती, इथे द्रावणच लिटरहून जास्त झालं.

"अगंबाई! म्हणजे साखर आधी थोड्या पाण्यात विरघळवायची, आणि मग रेघेपर्यंत भरायचं?"

"शंभरपैकी शंभर," नणंद म्हणाली. हे तिच्या तोंडून तिच्या विद्यार्थ्यांनीही क्वचितच ऐकलं असेल.

इतक्यात नवरा आला, तहानेने भांडं उचललं आणि एका घोटातच त्याचं तोंड वाकडं झालं. "हे काय, पाक करताय?"

"एक मोलरपेक्षा थोडं कमीच आहे, दादा," नणंद गंभीरपणे म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक रविवार ठरून गेला. गणितं लवकर आटपू लागली आणि गप्पा लांबू लागल्या. नणंदेच्या मनात काय काय साठलं होतं, ते वहिनींना तेव्हा कळलं.

परीक्षेत वहिनी दुसऱ्या आल्या. जागा दोन होत्या. पांढरा कोट घालून त्या पहिल्या दिवशी निघाल्या, तेव्हा नणंद मुद्दाम सकाळी येऊन कॉलर सारखी करून गेली.

"वन्सं, रविवारी येताय ना?" वहिनींनी विचारलं.

"आता कशाला? शिकवायचं काय राहिलंय?"

"काही नाही. नुसत्याच या."