पातेल्यात पडलेली मैफल

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी काळी तबकडी आहे. माझी कड वाकली आहे. ती कशी वाकली हे आठवलं, की मला अजून धडकी भरते.

माझ्यात जॅझ आहे. जॅझ म्हणजे वाजवता वाजवता सुचत जाणारं संगीत. वाजवणारे नागनाथ कांबळे रेल्वेत होते, नांदेडहून बदली होऊन जयपूरला आलेले. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी, काय वाट्टेल ते वाजवायचे. पाण्याच्या नळीला नरसाळं बसवूनही त्यांनी एक वाद्य केलं होतं! निवृत्तीच्या वर्षी रेल्वेच्या सभागृहात त्यांची मैफल झाली. ती खोकल्यांसकट, टाळ्यांसकट माझ्यात उतरली. एका मित्राने हौसेने माझी एकच प्रत काढली. मूळ ध्वनिमुद्रण पुढे कुणाजवळच उरलं नाही.

पाहुणे आले की मला मानाने लावलं जाई. मग नागनाथांच्या पत्नी रमाबाई वारल्या. त्यांचा आवाजही माझ्यात आहे, म्हणून नागनाथांना मला ऐकवेना. त्यातच त्यांचा डावा हात लुळा पडला. जयपूरच्या दुर्गापुरा भागातल्या घरात मी दिवाणाखाली गेले.

या उन्हाळ्यात नात कीर्तीने मला बाहेर काढलं आणि थेट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभं केलं! माझी कड मेणासारखी वाकू लागली. मला ओरडताही येईना.

तेवढ्यात तिची आई, म्हणजे नागनाथांची मुलगी गौतमी, आली. "कीर्ती! काय करतेयस हे?"

"मम्मी, हिला मऊ करून कुंडी बनवतेय, नानाजींसाठी. ही बेकार पडली होती ना..."

"अगं, यात तुझी आजी आहे!"

गौतमीने मला पाण्याबाहेर काढलं. कीर्ती पांढरीफटक पडली. दारात नागनाथ उभे होते. ते रागावले नाहीत. उजव्या हाताने त्यांनी मला पुसलं आणि म्हणाले, "लाव."

कडेवर सुई नुसती उड्या मारत राहिली. पहिली धून गेलीच. मग सुई आत सरकली, स्थिरावली, आणि पहिल्या रांगेतून रमाबाई ओरडल्या, "अहो, नळी राहिली की!" नागनाथ डोळे मिटून हसले. गौतमी तोंडावर पदर घेऊन रडली.

कीर्ती हुंदके देत म्हणाली, "नानाजी, पहिली धून मला शिकवा. मी वाजवीन."

"मलाच येत नाही, बाळा. ती तेव्हाच सुचली होती. परत कधी वाजवली नाही."



मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बेकार वाटली, तर तिला हात लावण्याआधी मोठ्यांना एकदा विचारा. फक्त एकदा.