उंच खुर्ची आणि पिटुकलीची पसंती

मी एक जुनी, उंच पायांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्यावर मोठी माणसं बसत नाहीत. बसतात ती बाळं, नुकती मान सावरून बसायला शिकलेली.

एका सुताराने दरवाजाच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. बाळांना टोचायला नको म्हणून तो माझे कोपरे किती वेळ घासत राहिला होता! पुढे मी सरकारी पोषण केंद्रात आले. जागा मिळाली खिडकीशी. बाळाचा घास ठेवायला माझ्या पुढ्यात आडवी पाटी आहे, सकाळचं ऊन तिच्यावर सांडायचं, बसलेलं बाळ ते मुठीत धरायला बघायचं, आणि मला वाटायचं, आम्ही दोघं हळूहळू तरंगतोय.

तेव्हा केंद्रात बाळांसाठी एकच गोष्ट यायची, पिठाची पाकिटं. कोमट पाण्यात कालवलं की करडा लगदा व्हायचा. काही बाळं मिटक्या मारत खायची. पिटुकली नावाची एक चिमुरडी मात्र चमचा दिसताच ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. तिची आई कपड्यांना इस्त्री करायची. तिच्या हातांना ऊबदार कापडाचा वास यायचा. लेकीचं वजन काही केल्या वाढत नव्हतं.

"लाडावून ठेवलंयस तिला," रांगेतली एक बाई म्हणाली.

आईने केंद्राच्या ताईंना हळूच विचारलं, "ताई, दुसरं काही मिळेल का हो?"

"असतं तर दिलं नसतं का गं? वरून हेच येतं."

त्या दिवशी पिटुकली रडून रडून माझ्या पाटीवरच डोकं टेकून झोपली. केवढं हलकं होतं ते डोकं! आई बराच वेळ तिथेच उभी राहिली.

ताईंच्या मनाला ते लागलं. दर बैठकीत त्या एकच टुमणं लावू लागल्या, बाळांना निवडीला वाव द्या. इतर केंद्रांतल्या बायाही तेच म्हणत होत्या म्हणे. पण इकडे रांग वाढत गेली, तसं चमच्याने भरवून बघणं थांबलं. पाकिटं खिडकीतूनच दिली जाऊ लागली. माझी रवानगी दाराआड झाली. माझ्यावर ओली फडकी वाळू लागली, एक पाय खिळखिळा झाला. त्या अंधारात मला स्वप्नं पडत. माझी पाटी तळ्यासारखी पसरायची, तिच्यावरून केशरी, हिरवे, जांभळे रंग वाहत यायचे, आणि चव कळायच्या आत मी जागी व्हायचे.

मग एका सकाळी ताईंनी मला ओढून बाहेर काढलं, पायात पाचर ठोकली, कोमट पाण्याने पुसलं. टेबलावर गाजरं होती, मटार, केळी, बीट, उकडलेली अंडी, मऊ शिजवलेली डाळ. नियम बदलला होता. पाकीट हवं त्याला पाकीट, नको त्याला त्याऐवजी हे.

"बोल, काय देऊ पिटुकलीला?" ताई म्हणाल्या.

आईने टेबलावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "असं कुणी कधी विचारलंच नव्हतं हो. सुचेनासं झालंय."

"मग बसव हिला. हिलाच विचारू."

कुस्करलेल्या गाजराचा पहिला घास थेट ताईंच्या चष्म्यावर उडाला. "घ्या! बाईसाहेबांच्या पसंतीला उतरणं सोपं नाही," ताई म्हणाल्या आणि सगळे हसले. केळ्याकडे तिने बघितलंही नाही. मग आला बिटाचा चमचा. पिटुकली थबकली. चोखून बघितलं. इतके दिवस हे कुठे लपवलं होतंस, अशा नजरेने तिने आईकडे पाहिलं आणि आपणहून तोंड उघडलं. बघता बघता तिचे गाल, मुठी, माझी पाटी, सगळं लालेलाल! आईने मनगटाने डोळे पुसले, तर तीही लाल झाली.

हळूहळू पिटुकली बाळसं धरू लागली. आता ती केंद्रभर दुडदुडते, माझ्यात मावत नाही. काही आया अजून पाकीटच नेतात, त्यांची बाळंही छान आहेत.

मित्रांनो, माझे पाय पुन्हा कुरकुरू लागलेत. मला कोरड्यात ठेवा, अधूनमधून एखादी पाचर ठोका, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्या घरातलं बाळ घास बघून मान फिरवेल तेव्हा रागावू नका. त्याला बोलता येत नाही, म्हणून ते मान फिरवतं.

आत्ता माझ्यावर एक नवं बाळ बसलंय. ताई मटार चेपतायत. ते तोंड उघडेल की नाही, कोण जाणे. आम्हाला घाई नाही.