माहेरच्या डब्याचं इंजिन

मी आधी डबा होतो, मग इंजिन झालो. रेल्वेत अशी बढती दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा बोलता बोलता थोडी मिजास दाखवली, तर चालवून घ्या.

आणि मला खेळणं म्हणू नका. माझ्यासारख्यांना मॉडेल म्हणतात. खऱ्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, लांबीला दीड वीत, पोटात विजेवर चालणारी मोटर. पण हे सगळं नंतरचं. जन्म माझा पेणच्या एका तांबटाच्या दुकानातला. जाड पितळेचा, उभ्या भिंतींचा, लाडू ठेवायचा डबा होतो मी. एका मामाने भाचीच्या लग्नात द्यायला मला घेतलं आणि दुकानदाराला बजावलं, "नाव ठळक घाला हो. सासरी गेल्यावर कुणाचा डबा, ते कळलं पाहिजे." त्याने ठोकून ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी माझ्या अंगावर लिहिलं: चि. सौ. कां. आशालता हिस मामाकडून सप्रेम भेट. ठोके लागत होते, पण नाव मिळत होतं, म्हणून मी सोसलं.

आशालताबाईंबरोबर मी पनवेलला आलो. फळीवर मानाची जागा मिळाली. पण ते दिवस स्टीलचे होते. घरोघरी बायका पितळ मोडीत देऊन चकचकीत स्टील घेत होत्या, कारण त्याला कल्हई नको आणि घासायलाही सोपं. आशालताबाई पहिल्या बाळंतपणाला पेणला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी एका दुपारी मला उचललं आणि दारात आलेल्या भांडीवाल्याच्या मोडीच्या ढिगावर ठेवलं.

त्याच वेळी आशालताबाईंचे यजमान, गुरुदत्त, घरी आले. भूमापन कचेरीत ते नकाशे काढायचे. ढिगावर मला पाहून ते थबकले. आईपुढे ब्र काढायची त्यांची छाती नव्हती. भांडीवाल्याची पाठ वळताच त्यांनी मला शर्टाखाली घेतलं आणि मागच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्यांमागे दडवलं.

बाळाला घेऊन आशालताबाई परत आल्या. फळी पाहिली आणि विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मोडीत दिला गं. जुनाच होता." बाईंनी त्या रिकाम्या जागी स्टीलचा डबा ठेवला. पुढे त्यांनी सासूबाईंचं सगळं केलं, शेवटच्या आजारपणात उशाशी बसल्या, पण डबा काही विसरल्या नाहीत. मी भिंतीपलीकडेच होतो. गुरुदत्त मला पुन्हा फळीवर ठेवते, तर आई खोटी पडली असती. न ठेवावं, तर बायकोची वस्तू लपवल्यासारखं होत होतं. अशा कात्रीत सापडलेला माणूस काय करतो? गुरुदत्तांनी माझं इंजिन केलं!

ज्या दिवशी पत्र्याची कातर माझ्या अंगाला लागली, त्या दिवशी मला वाटलं, संपलं. पण त्या माणसाच्या हातात काय होतं, देव जाणे. उघडा करून सपाट केलेल्या मला त्यांनी लाकडी दांड्यावर इतक्या हळू वळवलं, की कुठे सुरकुती पडली नाही. मोटर आणि चाकं एका मोडक्या इंग्रजी इंजिनाची मिळाली. बाकी सगळं, धुराडं, पायऱ्या, दाराची कडीसुद्धा, त्यांनी माझ्याच उरलेल्या तुकड्यांतून कानशीने घासून घडवलं आणि डाख देऊन जोडलं. कचेरीतून यायचं, चहा घ्यायचा आणि खिडकीशी बसायचं, असं महिनोन्‌महिने चाललं. घरात कुणी विचारलं, तर "जुनं इंग्रजी इंजिन दुरुस्त करतोय" म्हणायचे. माणसं एवढी धीराची असतात, हे मला तेव्हा कळलं आणि मी थक्क झालो, तो अजून आहेच.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पत्रा वळवताना नावाची बाजू आत टाकणं सोपं होतं. त्यांनी ती बाहेर ठेवली. ठिपके रंगाऱ्याच्या लांबीने बुजवले, वर काळा रंग दिला आणि कोरडा झाल्यावर त्या जागेवरून बोट फिरवलं. दिसत काहीच नव्हतं, पण बोटाला बहुधा लागलं असावं, कारण ते स्वतःशीच हसले.

मग त्यांनी मला पिशवीत घालून पनवेल स्टेशनवर नेलं. तेव्हा दिवा जंक्शनच्या बाजूने वाफेचं इंजिन यायचं. पिशवीचं तोंड उघडून ते म्हणाले, "बघ, हे तुझे थोरले." समोर काळा डोंगर उभा होता. तो श्वास घेत होता! त्याने शिट्टी दिली आणि माझा पत्रान्‌पत्रा झणझणला. आपण लाडवाचा डबा होतो, हे मी त्या क्षणी साफ विसरलो. एवढ्या मोठ्या कुळात आपल्याला घेतलं, या विचारानेच माझी छाती भरून आली.

हळूहळू मागच्या खोलीत गोतावळा जमला. इंग्लंडची हिरवी इंजिनं, जर्मनीचे लाल डबे, कुणी जुन्या बाजारातून आलेलं, कुणी परदेशी निघालेल्या ओळखीच्या घरातून. लांबलचक टेबलावर रूळ पसरले. दर दसऱ्याला गुरुदत्त आम्हा सगळ्यांना हळदीकुंकू लावत आणि पहिली फेरी मलाच मारायला लावत. साहेब मंडळी माझ्यामागे मुकाट धावत. आशालताबाई दाराशी यायच्या. "झाली का आरास? अर्धं घर आगगाडीने खाल्लंय," म्हणायच्या आणि प्रसाद ठेवून जायच्या. पण आमच्यावर धूळ कधी बसू दिली नाही त्यांनी.

गेल्या वर्षी गुरुदत्त गेले. त्यापाठोपाठ इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि खोल्या रिकाम्या करायची वेळ आली. मुलगा अपूर्व खारघरला उंच टॉवरमध्ये राहतो. आईला तो तिकडेच नेणार होता. आम्ही आता त्याच्या वारशाचे, पण त्याच्या फ्लॅटमध्ये आमचं टेबल सोडा, टेबलाची सावलीही मावली नसती. विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आशालताबाईंची मागणी एकच होती. "सगळी एकाच घरी जाऊ देत, अपूर्व. ह्यांनी एकेक करून जमवली. एक इथे, एक तिथे, अशी ताटातूट मला नाही बघवायची."

"आई, घेणारे निवडून निवडून घेतात. सगळं घेणारा कोण मिळणार?"

पण मिळाला. गव्हाणचे तुळशीराम शेठ. पूर्वी घरची मिठागरं, आता जमिनी आणि बांधकामाचा व्यवसाय. त्यांच्या मुलाने फोनवर अपूर्वने टाकलेली जाहिरात पाहिली होती. नव्या बंगल्याचा अख्खा वरचा हॉल आम्हाला द्यायची त्यांची तयारी होती. फक्त किंमत कुणा जाणकाराने ठरवावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

जाणकार म्हणून प्रणित आला. स्वतः हौशी संग्राहक, हातात पांढरे मोजे, बोलणं हळुवार. त्याने प्रत्येकाला उचललं, उलटं केलं, श्वास रोखून पाहिलं. माझ्यापाशी आल्यावर त्याने माझे स्क्रू काढले, वरचं अंग वेगळं करून आतली मोटर पाहिली आणि त्याचा चेहराच बदलला. "काकू, हे इंग्लंडमध्ये हाताने बनवलेलं जुनं मॉडेल आहे. असं मी फक्त चित्रात पाहिलंय. बाकी सगळ्यांची मिळून होईल, त्याहून ह्या एकट्याची किंमत जास्त. ह्याच्यावरच सगळा सौदा उभा राहील." मग माझ्या तोंडावरच्या वर्षानुवर्षांच्या कुंकवाकडे पाहून तो हळूच म्हणाला, "हा लाल डाग नसता, तर फार बरं झालं असतं."

तुळशीराम शेठना घेऊन उद्या येतो, असं सांगून तो गेला. स्क्रू एका वाटीत आणि मी तसाच सुटा टेबलावर.

डाग नसता तर! एवढे शब्द आशालताबाईंसारख्या बाईच्या कानावर टाकून जायचे असतात का? सकाळी पाहुणे येणार म्हणून उठल्या उठल्या त्यांनी माझं वरचं अंग उचललं, थेट स्वयंपाकघरात नेलं, आधणाच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि मला त्यात बुडवलं. देवाची उपकरणी उजळावीत, तसं. मग काथ्या आणि चिंच घेऊन मोरीत बसल्या.

कुंकू गेलं. त्याबरोबर काळा रंगही सुटायला लागला. पापुद्रेच्या पापुद्रे. बाई घाबरल्या. आता अर्धवट तरी कसं ठेवायचं, म्हणून आणखी जोराने घासत राहिल्या. लांबी निघाली आणि पितळ उघडं पडलं. तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

त्यांनी मला उजेडात धरलं. नळ तसाच वाहत होता. कापाकापीत काही अक्षरं गेली होती, पण 'आशालता' शाबूत होतं आणि खाली 'मामाकडून'. त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. मग मागच्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "अहो."

तिकडे कुणी नव्हतं. पण मी सांगतो, त्या एका हाकेत जेवढं रागावणं होतं, तेवढंच सगळं माफ केलेलं होतं. मग त्या पदर तोंडाशी धरून मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. "सासूबाई, तुम्हालाही उगाच..." एवढंच पुटपुटल्या. मी रंगाविना, कपड्याविना त्यांच्या मांडीवर होतो आणि मला लाज वाटत नव्हती. आपल्या अंगावर काय जपून ठेवलं होतं, ते मलाही आज पुरतं कळत होतं.

मंडळी आली. प्रणितच्या हातातले मोजे हातातच राहिले. "काकू, हे काय केलंत!"

"आई, निदान विचारायचं तरी!" अपूर्वने डोकंच धरलं.

आशालताबाईंनी नावाची बाजू वर करून मला पुढे केलं. प्रणितने नाव वाचलं, जोड पाहिले, कानशीचे बारीक ओरखडे पाहिले. "हे इंग्लंडचं नाहीच," तो म्हणाला. "काकांनी हे इथे बसून केलं? खिडकीच्या उजेडात? माझा विश्वास बसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण बाजारात ह्याला आता भाव नाही. इंग्लंडचं समजून मी सांगितलं होतं. सौदा मोडला, तर चूक माझीच."

सगळे तुळशीराम शेठकडे बघायला लागले. आमची फाटाफूट होणार की नाही, ते आता त्यांच्या तोंडून निघणार होतं. त्यांनी मोजे मागितले नाहीत. जाडजूड हातांनी मला घेतलं आणि नाकाशी नेलं. "चिंचेचा वास हाय," ते म्हणाले. "चालतं का पन?"

अपूर्वने स्क्रू लावले. रुळावर ठेवून मागे लाल डबे जोडले आणि बटण दाबलं. मी निघालो. खिडकीतून ऊन आलं होतं आणि वळणावर माझं उघडं पितळ लखलखलं. टेबलाभोवतीची माणसं गप्प झाली. पनवेल स्टेशनवर त्या काळ्या डोंगरासमोर मी जसा गप्प झालो होतो, अगदी तशी.

मी पुढ्यात येऊन थांबलो, तेव्हा शेठ वाकले आणि नाव वाचलं. "वयनी, ह्ये इंजिन नाय, ह्ये भांडं हाय. लेकीच्या माहेरचं भांडं आमी इकत नाय घेत. बाकीचं समदं नेतो, ठरलेल्या भावानं. ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

अपूर्वने सुटकेचा श्वास टाकला. सौदा वाचला होता. पण आशालताबाई मागच्या लाल डब्यांकडे बघत होत्या. "आणि ह्यांना ओढणार कोण?" त्या म्हणाल्या. "मी खारघरला ह्याला काचेच्या कपाटात घालून बसू? चालायची वस्तू ती."

त्या आत गेल्या. परत आल्या, तेव्हा मुठीत साखर होती. माझ्या पाठच्या कोळशाच्या खणात त्यांनी ती चिमटीचिमटीने भरली. "विकत घेऊ नका. मी देतेय. भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून साखर."

तुळशीराम शेठनी दोन्ही हात पुढे केले आणि मला घेतलं. "मंग आमाला बी परत आनून द्यावं लागंल, वयनी. आनि आमी बी रिकामं नाय आनणार."

गव्हाणला पोचलो, तेव्हा सगळा गोतावळा माझ्यामागे होता, एकही कमी नाही. पहिल्याच आठवड्यात खणाला मुंग्या लागल्या आणि साहेब मंडळींनी नाकं मुरडली. मुरडू देत. तिथे घरची आणि शेजारची पोरं हॉलच्या दारात अंग चोरून उभी राहतात. मी वळणावरून आलो, की त्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना काय वाटतं, ते मला आतून ठाऊक आहे.

एक विनवणी आहे. माझ्यावर पुन्हा काळा रंग चढवू नका. कुणी हौशी माणूस येतो आणि "छान रंगवून देतो" म्हणतो, तेव्हा मी वळणावर मुद्दाम आणखी लखलखून दाखवतो. आणि तुमच्या घरातलं एखादं भांडं वर्षानुवर्षं सापडत नसेल, तर घरच्या माणसावर अढी धरण्याआधी जरा दम धरा. माणसं बोलायला घाबरतात आणि मग त्याची काय काय इंजिनं करून ठेवतात, याचा नेम नाही.

आत्ता मी खारघरला आहे, आशालताबाईंच्या ओट्यावर. तुळशीराम शेठ काल स्वतः आणून देऊन गेले. खणात गव्हाणच्या नव्या तांदळाचे दाणे होते. बाईंनी ते काढून देवापुढे ठेवले. चष्मा न लावता माझ्या पोटावरून बोट फिरवलं आणि तेव्हापासून मला परत पाठवताना खणात काय भरावं, म्हणून एकेक डबा उघडून बघताहेत.

"आई, राहू दे ना चार दिवस इथेच," अपूर्व म्हणाला.

"नको रे," त्या म्हणाल्या. "तिकडे गाडी खोळंबली असेल."